सहावा नट

व्हिसावर लिहिलंय: टायर टेक्निशियन.
पहिले अकरा दिवस हातात झाडू होता
आणि साबणाच्या पाण्याची एक बादली,
जिच्यात ट्यूब बुडवून
बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचं.
घरी फोनवर टेक्निशियनच सांगितलं.
बुडबुड्याबद्दल बोललो नाही.

दुकान डोंगराच्या पायथ्याशी, बिरकत अल मौज.
मौज म्हणजे केळी, बिरकत म्हणजे तळं.
कळलं तेव्हा एकटाच हसलो,
आमच्या न्हाणीमागच्या केळी आठवून,
ज्यांना सांडपाण्याशिवाय कुणी काही दिलं नाही.
डोंगराचं नाव हिरवा डोंगर.
हिरवं काही दिसत नाही.
वर असतं म्हणतात, वर जाणारे.

पाटीवर बंचर.
अरबीत प नाही. म्हणून पंक्चरचं बंचर
आणि मी, परेश धुरी, बरेश.
अरबाब हाक मारतो, बरेश!
आणि दर वेळी वाटतं
कुणीतरी मालवणीत विचारतंय, बरो आसस मा?

उस्ताद मोफिजुल नोआखालीचा, एकोणीस वर्षं इथे.
त्याच्या हिंदीत टायर कधी बाई, कधी पुरुष.
त्याने शिकवलं:
नट ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोर आवळायचे,
एकाचं ऐकलं की लगेच त्याच्या समोरच्याचं.
हातमोजा काढून टायरच्या आत बोटं फिरवायची,
खिळा डोळ्यांच्या आधी बोटांना सापडतो.
(सापडला. अजून खूण आहे.)
आणि वाचायचं.
टायरच्या कडेला चार आकडे असतात,
३८१९: एकोणीस सालचा अडतिसावा आठवडा.
इथल्या उन्हात पाच वर्षं,
मग कितीही नवा दिसू दे, बाद.

तेव्हापासून वाचतच सुटलो.
१७२१. बाबांसाठी सिलिंडर शोधत
कुडाळ ते ओरोस मी फिरत होतो, तो आठवडा.
कुठल्याशा कारखान्यात तेव्हा हा साच्यातून निघत होता.
बकऱ्या भरलेल्या पिकअपला लावला होता.
मी त्यात पस्तीस पाउंड हवा भरली.
काटा जागेवर आला की थांबायचं असतं.
थांबलो.

गुरुवारी संध्याकाळी पांढरी प्राडो.
मागे एक आजी, तीन पोरं, बर्फाची पेटी,
सगळे वर निघालेले.
मागचं डावं चाक पहिल्यांदाच मी एकट्याने बसवलं.
पहिला नट, त्याच्या समोरचा,
तिसरा, त्याच्या समोरचा,
पाचवा,
आणि अरबाब ओरडला, बरेश, चाय!
चहा दिला. वळलो.
गाडी वळणावर दिवे लावत होती.

नट म्हणजे आमच्याकडे दशावतारातला.
देवळासमोर रात्रभर उभा,
पहाटे तोंडावरचा रंग न पुसता चहा पिणारा,
स्वतः जागा आणि गावाला जागवणारा.
हाही तसाच निघाला.
आठ जणांच्या खोलीत, वरच्या बाकड्यावर,
अंधारात मी उजवा हात फिरवून बघितला:
तुला तरी आठवतंय का?
हात नुसता फिरत राहिला.

उस्तादला उठवलं.
डोळे न उघडता म्हणाला, फोन आया?
नाही.
तो सो जा. खराब काम का फोन आता.
अच्छा काम का फोन नहीं आता.

शुक्रवारभर फोनकडे बघत होतो.
कुणाचाच आला नाही, घरचासुद्धा.

शनिवारी उन्हं कलताना ती खाली आली,
थांबली नाही.
मी चाकं मोजली. चार.
तिनांवर कोण डोंगर उतरतं,
तरी मोजली.
मग उरलेल्या दिवसात हातातला प्रत्येक नट
दोनदा आवळला. उस्ताद चिडला,
धागा खाओगे उसका.

रात्री आईला पहिल्यांदाच खरं सांगितलं:
गो आई, दोन रात्री झोप नाही,
एका नटाने छळलं.
ती जरा थांबली. मग म्हणाली,
खंयच्या कंपनीतलो?